भोंगा वाजला, पण आले कोण?

कपड्याच्या धंद्यात सौदा करण्याची एक रीत आहे. ताग्याची वरची घडी पाहून कोणी भाव बोलत नाही. तागा उलगडायचा, उजेडासमोर धरायचा, किनार तपासायची, चिमटीत धरून पोत पाहायचा, दोन-चार ठिकाणी पन्हा मोजायचा आणि मगच तोंड उघडायचे. मीटरमागे रुपया-दोन रुपयांच्या फरकासाठी आपण एवढी दक्षता घेतो. परंतु ज्या घरात आयुष्यभराची कमाई ठेवलेली असते, त्या घराच्या राखणीसाठी यंत्र घ्यायची वेळ आली की हीच माणसे डब्यावरचे चित्र पाहून पैसे मोजून मोकळी होतात. मीही त्यांच्यापैकीच एक होतो, म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सध्या बाजारात बिनतारी चोरघंटीला चांगलीच मागणी आहे. एक पॅनेल, दोन-तीन सेन्सर, एक भोंगा आणि दोन रिमोट असा संच काही हजारांत मिळतो. भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही, दोन स्क्रू मारले की काम झाले. विकणारा सांगतो, "साहेब, चोर आला की मशीन पकडणार!" या एका वाक्यातच सारा घोटाळा आहे. हे यंत्र चोराला पकडत नाही, अडवत नाही, ओळखतही नाही. ते फक्त हाक मारते. हाकेला ओ देणारा कोणी नसेल, तर त्या हाकेची किंमत शून्य. म्हणून माझे मत असे की, चोरघंटी घेताना भाव हा शेवटचा प्रश्न असावा. पहिला प्रश्न, या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही? दुसरा, ते ओरडले तर येणार कोण?

आमच्या घरची हकीकत

मालेगावात आमचे घर आणि दुकान एकाच इमारतीत आहे. खाली दुकान व गोदाम, वर राहते घर, त्याच्या वर गच्ची. काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक बिनतारी संच बसवून घेतला. जिन्यात एक सेन्सर, दिवाणखान्यात एक, आतल्या खोलीत एक. पहिले दोन महिने घरातली मुले हात हलवून लाल दिवा पेटतो का ते पाहत होती. नंतर सर्वांना त्याचा विसर पडला.

विसर पडला नव्हता तो फक्त शेजाऱ्यांना. दिवाणखान्याचा सेन्सर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला होता. आम्ही बाहेर गेलो की दुपारी चारच्या सुमारास ऊन त्यावर पडायचे आणि भोंगा सुरू व्हायचा. आठवड्यातून दोनदा तरी हा तमाशा. शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो, ते सुरुवातीला धावत येत, दार तपासत, मला फोन करीत. पुढे पुढे ते येईनासे झाले. त्यांचा तरी काय दोष?

एका बुधवारी आम्ही सर्व जण लग्नासाठी धुळ्याला गेलो. रात्री मुक्काम तिकडेच होता. चोर गच्चीचे दार उचकटून आत आला. जिन्यातल्या सेन्सरने त्याला पाहिले, पॅनेलला कळवले, भोंगा वाजला. पॅनेलमध्ये नोंद आहे, रात्री दोन वाजून सतरा मिनिटे. पाच मिनिटे भोंगा ओरडला आणि ठरवून दिल्याप्रमाणे आपोआप बंद झाला. पॅनेलने मला फोन लावायचा होता, तो आला नाही. कारण पॅनेलमधल्या सिमचे रिचार्ज अकरा दिवसांपूर्वी संपले होते. चाचांनी भोंगा ऐकला होता. सकाळी मान खाली घालून म्हणाले, "बेटा, मला वाटले नेहमीचाच आहे."

थोरल्या मुलीच्या लग्नासाठी केलेले दागिने गेले. त्याहून मनाला लागली ती दुसरी गोष्ट. कारागिरांच्या आठवड्याच्या मजुरीची रक्कम त्याच कपाटात होती. शुक्रवारी मालेगावात माग बंद असतात. त्याआधी मजुरी हातात पडली पाहिजे, हा रिवाज. उसनवारी करून ती रक्कम उभी करेपर्यंत दोन दिवस गेले. ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, त्या घरांच्या चुली आमच्या अकरा दिवसांच्या आळशीपणामुळे अडल्या. यंत्राने आपले काम केले होते. आम्ही केले नव्हते.

त्यानंतर मी या यंत्राची माहिती घ्यायला बसलो. बसवणाऱ्या मुलांना प्रश्न विचारले, जुना सेन्सर उघडून पाहिला, माहितीपुस्तिका मुलाकडून वाचून घेतल्या. जे समजले ते व्यापारी भाषेत मांडतो.

सेन्सर पाहतो ती ऊब

भिंतीवर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या डबीला पीआयआर सेन्सर म्हणतात. तिच्यात कॅमेरा नसतो. तिला चेहरा, रंग, कपडे काही दिसत नाही. प्रत्येक उबदार वस्तूतून न दिसणारे किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांना अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण म्हणतात. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने उन्हाचे रंग वेगळे करून थर्मामीटर ठेवून पाहिला, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढलेला आढळला. हेच ते किरण. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या या किरणांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींवर असतो. सेन्सरच्या तोंडावर एक गाळणी बसवलेली असते. ती याच पट्ट्यातले किरण आत सोडते व बाकीचे बरेचसे बाहेर ठेवते.

आत एक विशिष्ट पदार्थ असतो. त्याचे तापमान बदलले की त्यात किंचितशी वीज निर्माण होते. 'बदलले की' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऊब नुसती असून चालत नाही, ती बदलली पाहिजे. शिवाय या पदार्थाचे दोन तुकडे शेजारी शेजारी, परंतु एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात. आपल्या तराजूच्या दोन पारड्यांसारखे समजा. सारी खोली हळूहळू तापली तर दोन्ही पारडी सारखीच भरतात आणि काटा जागचा हलत नाही. माणूस समोरून गेला तर त्याची ऊब आधी एका पारड्यात पडते, मग दुसऱ्यात. काटा एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतो. ती हालचाल ओळखूनच यंत्र म्हणते की कोणीतरी चालले आहे.

आता समोरचे दुधी रंगाचे, खवल्या-खवल्यांचे प्लास्टिक. ते केवळ झाकण नव्हे, ते भिंग आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल याने दीपगृहांसाठी जाड काचेऐवजी कड्याकड्यांचे पातळ भिंग तयार केले. त्याच पद्धतीची अनेक लहान भिंगे या प्लास्टिकवर उठवलेली असतात. त्यांच्यामुळे सारी खोली पट्टेदार कापडासारखी होते. एक पट्टा दिसणारा, एक न दिसणारा, पुन्हा एक दिसणारा, असे पंख्यासारखे पसरलेले. पट्टे ओलांडीत आडवा जाणारा माणूस दर पावलाला यंत्राला जाणवतो. परंतु एकाच पट्ट्यावरून सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येणारा उशिरा जाणवतो.

एवढी एक गोष्ट समजली तरी सेन्सर कुठे लावायचा याचे अर्धे उत्तर मिळते. दारासमोर नाक करून लावलेला सेन्सर दिसायला छान दिसतो, पण चोर त्याच्याकडे सरळ चालत येतो. तोच खोलीच्या कोपऱ्यात, येणाऱ्याची वाट आडवी कापेल असा लावला तर तीच डबी दुप्पट कामाची ठरते. उंची साधारण सात ते आठ फूट. बहुतेक घरगुती सेन्सरची नजर दहा-बारा मीटर आणि सुमारे ९० ते ११० अंशांत पसरते. फार वर लावला तर जवळची जमीन सुटते. फार खाली लावला तर मांजरसुद्धा मोठे दिसते.

त्याला न दिसणारे

आपल्या धंद्याच्या दृष्टीने हा भाग अधिक महत्त्वाचा.

पहिली गोष्ट काच. आपल्याला काचेतून पलीकडचे सर्व दिसते, सेन्सरला नाही. माणसाच्या अंगाच्या उबेचे हे लांब लहरींचे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. म्हणजे काचेच्या केबिनमध्ये तिजोरी आणि सेन्सर केबिनच्या बाहेर, असे असेल तर तिजोरीजवळचा माणूस त्याच्या लेखी नाहीच.

दुसरी गोष्ट कापड. गोदामात गठ्ठ्यांची थप्पी रोज वाढते, कमी होते. सेन्सर बसवताना समोर मोकळी जागा असते. महिन्याभरात तिथे छतापर्यंत माल लागतो आणि सेन्सर थप्पीच्या पाठीकडे पाहत बसतो. घरातही वाळत घातलेली चादर किंवा नवा पडदा हेच करतो. यंत्र बिघडत नाही, त्याचा दिवाही लागतो. ते फक्त आंधळे झालेले असते.

तिसरी गोष्ट आपल्याकडचा उन्हाळा. सेन्सर माणूस आणि मागची भिंत यांच्या उबेतला फरक पाहतो. थंडीच्या रात्री हा फरक भरपूर असतो. परंतु मे महिन्यात पत्र्याखालची बंद खोली रात्रीही ३५ अंशांच्या आसपास असते. माणसाची त्वचाही जवळपास तेवढीच. फरक उरला नाही की नजर कमजोर होते. पांढऱ्या कापडावर पांढरा डाग शोधण्यासारखेच हे. चांगल्या सेन्सरमध्ये तापमान पाहून आपोआप संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. स्वस्तात ती असेलच असे नाही. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकाने हा प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारावा. म्हणूनच नुसत्या हालचालीच्या सेन्सरवर विसंबू नये. दार आणि खिडकीला चुंबकाचा सेन्सर लावावा. त्यात चौकटीला एक तुकडा आणि फळीला चुंबक असतो. दार उघडले, चुंबक दूर गेला की तो कळवतो. त्याला ऊन, थंडी, काच, कापड कशाचीच अडचण नाही आणि किंमतही कमी. आमच्या गच्चीच्या दाराला तो असता तर चोराने दार उघडताच भोंगा वाजला असता, जिना उतरेपर्यंत वाट पाहावी लागली नसती.

खोटी हाक हेच मोठे नुकसान

लोक म्हणतात, उगीच वाजला तर वाजला, न वाजण्यापेक्षा बरे. हे म्हणणे मला मान्य नाही. प्रत्येक खोट्या हाकेने शेजाऱ्याच्या मनातला विश्वास थोडा कमी होतो. उधारीचे तारीख-वायदे मोडणाऱ्या गिऱ्हाइकासारखेच हे आहे. चौथ्या वेळी तो खरेच पैसे घेऊन आला तरी आपण मान वर करून पाहत नाही.

खोटी हाक बहुधा यंत्राच्या दोषाने होत नाही, जागेच्या दोषाने होते. थेट ऊन, किंवा ढगाआडून ऊन येणे-जाणे, यामुळे सेन्सरचे तोंड झटकन तापते. एसी किंवा हीटरची हवा अंगावर येते. स्वयंपाकघराच्या दारातून गरम झोत येतो. पंख्याखाली लटकणारा, उन्हाने तापलेला पडदा हलतो. पाल थंड रक्ताची असल्याने दूरच्या भिंतीवर सहसा जाणवत नाही, परंतु तीच भिंगावर येऊन बसली तर सारे पट्टे झाकते आणि हलली की भोंगा. डबीच्या आत मुंग्या किंवा झुरळ शिरले तरी तसेच, म्हणून वायरची मोकळी भोके बुजवावीत. आपल्या गावात आणखी एक कारण आहे. मागाच्या शेडला लागून असलेल्या भिंतीवर सेन्सर ढिला बसवला, तर माग चालू होताच भिंत थरथरते, डबी हलते आणि तिला सारी खोलीच हलल्यासारखी वाटते. अशी भिंत टाळावी.

ज्यांच्या गोदामात उंदीर-मांजरांचा वावर आहे, त्यांच्यासाठी दुहेरी पद्धतीचे सेन्सर मिळतात. त्यात उबेच्या डोळ्याबरोबर सूक्ष्मलहरी सोडणारा दुसरा भाग असतो. हलणाऱ्या वस्तूवर आपटून परत येणारी लहर किंचित बदललेली असते, त्यावरून तो हालचाल ओळखतो. दोघांचे एकमत झाले तरच हाक. दोन साक्षीदारांनी सारखीच साक्ष द्यावी तसे. बॅटरी वाचावी म्हणून बहुतेक बिनतारी सेन्सरमध्ये दुसरा साक्षीदार झोपलेला असतो आणि पहिल्याने हाक मारली की जागा होतो. त्याची किंमत जास्त आहे, पण गोदामात ती वसूल होते.

तार नाही, मग निरोप जातो कसा?

सेन्सरच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो. त्याला माणूस जाणवला की तो पॅनेलला आपला नंबर पाठवतो. स्वस्त संच बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. इतर अनेक संच ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा वायफायवर. आता यातले ऐब ऐका, कारण डब्यावर ते छापलेले नसतात.

एक. स्वस्त सेन्सरला फक्त बोलता येते, ऐकता येत नाही. त्याने निरोप पाठवला, पण पॅनेलला मिळाला की नाही हे त्याला कळत नाही. पोस्टकार्ड टाकल्यासारखे. दोन्ही बाजूंनी बोलणारा संच पोचपावती घेतो. पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवतो. शिवाय ठरावीक वेळाने 'मी आहे, माझी बॅटरी ठीक आहे' अशी हजेरी लावतो. हजेरी चुकली की पॅनेल मालकाला सांगते. व्यापारी भाषेत बोलायचे तर एक साधे टपाल, दुसरे रजिस्टर. घरासाठी मी रजिस्टरच घेईन.

दोन. बॅटरी वाचावी म्हणून अनेक स्वस्त सेन्सर एकदा निरोप पाठवला की काही मिनिटे गप्प बसतात. त्यांच्यासमोर सतत वावर असेल तर ते बोलतच नाहीत. त्यामुळे तपासणीच्या वेळी हात हलवूनही दिवा लागला नाही की लोक 'खराब निघाला' म्हणतात. तपासण्याची वेगळी सोय डबीच्या आत छोट्या बटणाने किंवा जोडणीने दिलेली असते. तपासून झाल्यावर ती पूर्ववत करावी, नाहीतर बॅटरी लवकर संपते.

तीन. जुन्या पद्धतीच्या संचांत सेन्सर आणि रिमोट यांचा नंबर कायम एकच असतो. हवेतून जाणारा तो नंबर साध्या उपकरणाने टिपून पुन्हा सोडता येतो. सेन्सरच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही, परंतु रिमोटचा 'बंद' हा निरोप टिपला गेला तर तुमची चोरघंटी दुसऱ्याच्या हातात गेली. दर वेळी नंबर बदलणारे रिमोट मिळतात. ते मागून घ्यावेत. त्याच लहरींवर गोंगाट करून निरोप दाबूनही टाकता येतो. चांगले पॅनेल असा गोंगाट ओळखते आणि त्याचीच तक्रार करते.

चार. रेडिओ लहरी काचेतून, लाकडातून आणि विटांच्या भिंतीतून जातात, पण पत्रा आणि लोखंड त्यांना अडवतात. पॅनेल लोखंडी कपाटात किंवा शटरच्या पलीकडे ठेवले तर निरोप अर्ध्या वाटेत मरतो. दुकान खाली आणि पॅनेल वरच्या मजल्यावर असेल, तर शटर पूर्ण बंद करून, मधली सर्व दारे लावून तपासावे. मोकळ्या दारांनी केलेली तपासणी खरी नव्हे.

नव्याने घर बांधणाऱ्याने वायरचाच संच घ्यावा, असे काही जाणकार सांगतात. ते बरोबर आहे. भिंतीत पाईप घालायची संधी असेल तर वायरसारखे भरवशाचे काही नाही. परंतु आपली बहुतेक घरे जुनी, वाढवत-वाढवत बांधलेली. तिथे बिनतारी हीच सोय. सोय जरूर घ्यावी, मात्र तिची बंधने ओळखून.

पॅनेल आणि माणूस

सेन्सरने पाहिले, रेडिओने पोचवले, आता पॅनेलचे काम. ते भोंगा वाजवते आणि सिममधून फोन किंवा संदेश पाठवते. इथे तीन गोष्टी चुकतात. वीज गेली की चालेल अशी बॅटरी पॅनेलमध्ये असावी लागते. ती दोन-चार वर्षांत बसते, पण कोणी बदलत नाही. वायफायवर चालणारा संच असेल तर राउटरलाही वेगळी बॅटरी हवी, नाहीतर वीज जाताच पॅनेल मुके होते. आणि सिम. जुनी पॅनेल टू-जीवर चालतात. जिओचे जाळे फोर-जीच्या पुढचे असल्याने त्यांचे सिम अशा पॅनेलमध्ये चालत नाही. रिचार्ज संपले की काय होते, ते आमच्या घरी आम्ही पाहिलेच.

काही बंधू म्हणतील, कॅमेरे लावले आहेत, आता याची गरज काय? कॅमेरा उपयोगाचा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण बहुतेक घरांतला कॅमेरा चोरी झाल्यावर दाखवतो की चोरी कशी झाली. चोरघंटी चोरी चालू असताना सांगते. पहिला वहीखात्यासारखा, दुसरी दुकानातल्या जाग्या नोकरासारखी. दोन्ही असावेत, पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ साली विजेच्या चोरघंटीचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे वर्तुळ पूर्ण होऊन घंटी वाजायची. पुढे एडविन होम्स याने ते हक्क विकत घेऊन त्याचा मोठा धंदा उभारला. त्याने घराघरांतून तारा ओढून एका मध्यवर्ती कार्यालयात आणल्या, जिथे रात्रभर माणूस बसलेला असे. घंटी विकून तो थांबला नाही, घंटीला उत्तर देणारा माणूसही त्याने विकला. आज आपण घंटी घेतो आणि माणूस विसरतो.

विकणाऱ्यांना आणि बसवणाऱ्यांना विनंती

आपल्या समाजातली अनेक मुले वायरिंगचे, कॅमेऱ्याचे, मोबाईल दुरुस्तीचे काम करतात. या क्षेत्रात त्यांना चांगली संधी आहे, पण डबी विकण्यात नाही. डबी तर आता घरबसल्या मागवता येते, तिच्यात नफा राहिलेला नाही. नफा आहे तो जागा पाहून देण्यात, दर तीन महिन्यांनी येऊन तपासण्यात, बॅटरी आणि रिचार्जची तारीख सांभाळण्यात. वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन दहा गल्ल्यांतली शंभर घरे सांभाळणारा एक होतकरू मुलगा इज्जतीने कमावू शकतो. गिऱ्हाईकही खुशीने देईल, कारण त्याला डबी नको आहे, निश्चिंत झोप हवी आहे.

दुसरी विनंती सचोटीची. ताग्यात कुठे फाटले असेल, रंग उडाला असेल, तर ते दाखवून विकायचे हे आपण वडीलधाऱ्यांकडून शिकलो. ऐब झाकून विकलेल्या मालात बरकत नसते, असे आपणच म्हणतो. मग 'या सेन्सरला काचेपलीकडचे दिसत नाही', 'उन्हाळ्यात याची नजर कमी होते', 'हा फक्त बोलतो, ऐकत नाही' हे सांगायला संकोच का? आमच्याकडे यंत्र बसवणाऱ्याने यातले एक वाक्यही सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. दोघांची चूक, नुकसान मात्र तिसऱ्याच्या मजुरीचे झाले.

आता आमच्याकडे

दिवाणखान्याचा सेन्सर खिडकीसमोरून काढून कोपऱ्यात लावला आहे. गच्चीचे आणि मागचे दार यांना चुंबकाचे सेन्सर आहेत. पोचपावती देणारा संच घेतला आहे. सिमच्या रिचार्जची तारीख दुकानाच्या रोजमेळात, भाड्याच्या आणि लाईट बिलाच्या तारखेशेजारी लिहिलेली असते, म्हणजे ती मुनीमजींच्या नजरेतून सुटत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, शटर लावून, घरातला कोणीतरी चोरासारखा जिना उतरतो आणि फोन येतो की नाही ते आम्ही पाहतो. थप्पीची उंची बदलली की गोदामाचा सेन्सरही तपासतो.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र एका चहावर झाले. चाचांना आणि समोरच्या घरातल्या दोन भावांना बोलावून सांगितले की आता हा भोंगा उगीच वाजणार नाही, आणि चुकून वाजलाच तर मी स्वतः पाच मिनिटांत फोन करून कळवीन. माझा फोन आला नाही तर समजावे की खरेच कोणी आले आहे. एकट्याने आत शिरायचे नाही, गल्लीतला दिवा लावायचा, आवाज द्यायचा, ११२ ला फोन करायचा. त्यांच्या घरी कोणी नसेल तेव्हा हेच काम आमच्याकडे. पॅनेलमध्ये फोन नंबर घालायच्या जागा असतात. पहिला माझा आहे, दुसरा मुलाचा, तिसरा चाचांचा.

व्यापारी बंधूंनी यंत्र जरूर घ्यावे. घेताना ताग्यासारखे उलगडून पाहावे, ऐब विचारावा, आणि पैसे मोजण्यापूर्वी त्या तिसऱ्या जागी कोणाचा नंबर लिहिणार हे ठरवावे. ते नाव सुचत नसेल, तर आधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे, दुकानाचे नंतर.